ओ

ऐरोलीच्या मार्केटात, चावीवाल्याला लागून माझं दुकान.
नावाच्या पाट्या, रबरी शिक्के, ॲक्रिलिक, पितळ.
पाटील, म्हात्रे, मढवी यांचे साचे तयारच असतात,
पुढचं अक्षर तेवढं बदलायचं.

ती आली एका मंगळवारी, लाइट गेलेली असताना.
रबाळ्याच्या कारखान्यात कॉम्प्रेसर तपासायला
स्वीडनहून आलेली, नाव टुवा.
घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा,
तरी दारावर आडनाव हवं, तेही मराठीत.

पावतीच्या पाठीमागे लिहून दाखवलं.
पहिल्या अक्षराच्या डोक्यावर एक गोल.
अनुस्वार का, मी विचारलं.
पण आपला अनुस्वार भरलेला असतो,
हा आतून पोकळ,
बोटातून काढून ठेवलेल्या अंगठीसारखा.

उच्चार? ओ.
नुसता ओ.
आणि अर्थ? ओढा.
त्यांचा अख्खा ओढा एका अक्षरातून वाहतो.
पुढे क्वार्न, म्हणजे गिरणी, पाण्यावर फिरणारी.
ओक्वार्न.
आमच्यात असतीस तर गिरणीकर झाली असतीस, म्हटलं.
ती हसली नाही, बोटं मोजत होती:
वडील, दोन आत्या,
एक चुलत भाऊ, तो फोन उचलत नाही,
त्याच्या दोन मुली, आणि मी.
सात. सगळ्या जगात.

मग स्टुलावर बसून सांगितलं तिने.
पलटणीत सगळेच अँडर्सन,
एकाला हाक मारली की अकरा माना वळायच्या.
कप्तान वैतागला, वहीत लिहिलं:
तू ओढ्यावरच्या गिरणीपाशी राहतोस ना, तू ओक्वार्न.
तो थकला की दुसरा शिपाई यायचा,
त्याच खोपटात राहायचा, तेच नाव लावायचा.
रक्ताचा संबंध नाही.
नाव खोपटाचं, म्हणाली,
आम्ही त्यात राहायला आलेले.

मी पितळ घासत होतो आणि मला आजा आठवला, गोठिवलीचा.
जमिनी गेल्या तेव्हा यादीत
नामदेव गोमा म्हात्रे चार वेळा.
कारकुनाने आजापुढे कंसात लिहिलं: बांधावरचा.
कारण उधाणाच्या रात्री तो बांधावरच झोपायचा,
खाडी शेतात शिरू नये म्हणून,
उशाला फावडं.
त्या कंसामुळे चेक बरोबर घरी आला.
मग बांध गेला, शेत तर गेलंच होतं,
कंस कुठल्या टेबलावर गळून पडला कोण जाणे.
आम्ही पुन्हा म्हात्रे,
दुसऱ्यांची पार्सलं परत करणारे.

गोल ठेवायचा का, विचारलं.
ठेव म्हणाली.
ओच्या वर एक भोक पाडलं, आरपार.
स्क्रूला चाललं असतं, पण रिकामंच ठेवलं.

वर्ष उलटून गेलं.
त्याच मजल्यावर समोरच्या दाराची पाटी लावायला गेलो,
तर इकडे ओक्वार्न जागच्या जागी, स्क्रू गंजलेले.
आत आता तोडणकर सिस्टर, नाइट ड्युटीवाल्या.
मालक भिंतीला हात लावू देत नाही, म्हणाल्या,
आणि काय बिघडतंय?
तेवढ्यात जिन्यातून कुरिअरवाल्याची हाक:
ओक्वार्न मॅडम!
आतून, पिठाच्या हातांनी बाहेर येत,
सिस्टरांनी ओ दिली.
ओ, आले!

ड्रिल हातात तसंच राहिलं माझं.
सात होते ना?

टुवाला कळवायला हवं होतं.
पत्ता घ्यायचा राहिला, आडनाव तेवढं पाठ.
पाकिटावर एवढंच लिहून टाकलं पेटीत, खाली देशाचं नाव,
तरी पोचेल बहुतेक.

आमचं शेजारच्या गल्लीतलं पोचत नाही.